मे महिन्यातला पूर, दुतोंड्या मारुती आणि कथेचा प्रकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कथा सुमारे ९,००० शब्दांची, काळ येत्या काही दशकांतल्या एका सिंहस्थ कुंभमेळ्याचा. नायिका नाशिकमध्ये गोदावरीच्या पूरनियंत्रण कक्षात रात्रपाळीला असते. मे महिन्यात, धरणाचे सगळे दरवाजे बंद असताना, एका रात्री रामकुंडाच्या घाटावर पाणी चढतं आणि दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे पूर किती चढला हे गाव जिच्यावरून ओळखतं त्या मूर्तीच्या, कमरेला लागतं. त्या पाण्यात तिचा मामा उभा दिसतो. ती लहान असताना तो पुरात वाहून गेला होता आणि त्याचं वय तेव्हा होतं तेवढंच आहे. आजी म्हणते, ‘गंगा घेतलेलं माणूस कधी तरी परत आणून सोडते.’ शेवटच्या दोन पानांत कळतं, की त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या पोटात चाललेला काळावरचा एक प्रयोग फसला होता. एका वाचकानं हिला विज्ञानकथा म्हटलं, दुसऱ्यानं भयकथा, तिसऱ्यानं गूढकथा. पाठवताना प्रकार कोणता लिहायचा?

तिघांनाही कथेत काही तरी खरं दिसलेलं आहे. पण तिघांनी कथेतलं सामान पाहून नाव दिलं: सेन्सर दिसले म्हणून विज्ञानकथा, मेलेला माणूस दिसला म्हणून भयकथा. प्रकार सामानावरून ठरत नाही. यंत्रमानव असलेली परीकथा लिहिता येते आणि भूत असलेली शुद्ध विज्ञानकथाही लिहिता येते. प्रकार ठरतो तो कथेतल्या अशक्य गोष्टीचा जबाब कोण देतं यावरून. निसर्गाचे नियम देतात, त्या जगाचे स्वतःचे नियम देतात, श्रद्धा देते, की कुणीच देत नाही? पुढची सगळी पद्धत याच प्रश्नाभोवती फिरते.

सुरुवात एका वाक्यानं करा. कथेतली अशक्य गोष्ट एका वाक्यात, विशेषणं न लावता लिहा. ‘कोरड्या नदीला पूर येतो आणि त्यात मेलेला माणूस दिसतो.’ हे वाक्य लिहितानाच तुमच्या कथेची पहिली अडचण वर येते: या दोन अशक्य गोष्टी आहेत. पूर एक, मामा दुसरा. एका कथेत दोन अशक्य गोष्टी चालतात, पण दोघींचं मूळ एकच असावं लागतं. नाहीतर अर्धे वाचक पाण्याचं कोडं सोडवत बसतात, अर्धे मामाची वाट पाहत बसतात, आणि प्रकाराचा घोळ तिथूनच सुरू होतो. तुमच्या कथेत मूळ एकच आहे, जुन्या काळातला पूरच आजच्या काळात सांडला आहे. पण हे वाचकाला अगदी शेवटी कळतं, तोवर त्या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

मग ती गोष्ट काढून पाहा. पाणी चढलंच नाही, मामा दिसलाच नाही असं धरा. रात्रपाळी करणारी मुलगी, म्हातारी आजी, मामाच्या जाण्याचं न बोललेलं दुःख, एवढ्यावर कथा उभी राहते का? राहत असेल, तर अशक्य गोष्ट ही सजावट आहे आणि मूळ कथा कौटुंबिक आहे. अशा कथेला कुठलाही स्पेक्युलेटिव्ह, म्हणजे ‘असं झालं तर’ जातीचा, शिक्का मारला तरी वाचक फसल्यासारखा होतो. तुमच्या कथेत मात्र मुलीचा निर्णय (कक्षातून धोक्याचा भोंगा वाजवायचा की नाही) पूर्णपणे त्या पाण्यावर अवलंबून आहे. पाणी काढलं की कथा कोसळते. म्हणजे ती या घराण्यातलीच आहे.

आता जबाबाचा प्रश्न, आणि इथे थोडं थांबायला हवं.

निसर्गाचे नियम जबाब देत असतील तर ती विज्ञानकथा. डार्को सुव्हिन या अभ्यासकानं यासाठी ‘नोव्हम’ हा शब्द रूढ केला: कथेतली अशी एक नवी गोष्ट, जिच्यामुळे ते जग आपल्या जगापेक्षा वेगळं होतं आणि तरीही तर्कानं तिथवर पोहोचता येतं. नोव्हम खरोखर शक्य असायलाच हवं असं नाही. कथेनं ते तर्काच्या हवाली केलेलं असलं पाहिजे. पात्रं त्याला मोजतात, त्याच्याबद्दल अंदाज बांधतात, अंदाज चुकतो, पुन्हा मोजतात. मोजणं हीच विज्ञानकथेची सगळ्यात भरवशाची खूण आहे, प्रयोगशाळा नव्हे. तुमची नायिका पूरनियंत्रण कक्षात आहे, तरी ९,००० शब्दांत ती एकदाही आकडा वाचत नाही, हे लक्षात घ्या.

कठोर विज्ञानकथा, म्हणजे विज्ञान काटेकोर पाळणारी कथा, करायची असेल तर तिला काय करावं लागेल ते पाहा. गंगापूर धरणाची साठवणक्षमता सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. १०,००० क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला १०,००० घनफुटांचा, विसर्ग एक दिवस चालला तर ८६४ दशलक्ष घनफूट पाणी जातं, म्हणजे भरलेलं धरणही साडेसहा दिवसांत रिकामं होईल. मे महिन्यात धरण भरलेलं नसतं. मग रामकुंडावर पाणी आलं तेव्हा धरणातली पातळी किती उतरली? एक सेंटिमीटरही उतरली नसेल तर हे पाणी धरणातलं नाही, आणि हा आकडा पडद्यावर पाहून नायिकेच्या अंगावर काटा येईल. एवढं एक निरीक्षण चौथ्या पानावर आलं की वाचकाला कळतं, इथे तर्क चालणार आहे. दुसरी बाब सिंहस्थाच्या वर्षाची. २०२७ मध्ये बारा-बारा मिळवत जाऊ नका. सिंहस्थ गुरू सिंह राशीत असताना येतो आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची असते, त्यामुळे दर बारा वर्षांमागे थोडा फरक साठतो आणि सात फेऱ्यांना ८४ नव्हे तर ८३ वर्षं लागतात. दूरच्या भविष्यातला सिंहस्थ घेतलात तर पंचांग जाणणाऱ्याकडून वर्ष तपासून घ्या. कठोर विज्ञानकथेचा वाचक असलं काही तपासतो आणि त्याला तो हक्क आहे.

आकडे नको असतील, तर विज्ञानकथेतच सामाजिक बाजूला वळता येतं. पाणी का आलं हे पहिल्या काही पानांत सांगून मोकळं व्हायचं आणि मग विचारायचं, गेलेली माणसं पाण्यात दिसतात हे शहराला कळल्यावर काय होईल? घाटावर रांगा लागतील, टोकन निघतील, कुणाला आधी सोडायचं यावर भांडणं होतील, क्रियाकर्म करणाऱ्यांच्या उपजीविकेचं काय होईल, वारसाहक्काच्या दाव्यात पाण्यातल्या माणसाची साक्ष चालेल का? ही सामाजिक विज्ञानकथा. त्याच घाटावर एखादी सत्ता येऊन ठरवू लागली की कुणी कुणाला पाहायचं, आणि नायिका त्या यंत्रणेची नोकर असली, तर ती दुःस्वप्नलोकाची, म्हणजे डिस्टोपियाची कथा होते. पुराचं मूळ बदललेल्या पावसात असेल आणि कथेचा भार शेतावर, द्राक्षबागांवर, स्थलांतरावर असेल तर हवामानकथा. निफाडच्या बागेत जानेवारीत पडलेला अवकाळी पाऊस हा आज कल्पित राहिलेला नाही, म्हणून हवामानकथेला ‘असं झालं तर’ एक पाऊल पुढे न्यावं लागतं. फक्त आजची बातमी लिहिली तर ती वास्तववादी कथा होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

जबाब त्या जगाचे स्वतःचे नियम देत असतील तर ती अद्भुतकथा, म्हणजे फँटसी. ‘नदी दर तीन पिढ्यांनी एक माणूस परत देते आणि बदल्यात एक आठवण घेते’ हा नियम विज्ञानाचा नाही, पण नियम आहे. तो मोडला की किंमत मोजावी लागते. फँटसीत काहीही चालतं हा समज घातक आहे. तिथे नियमांची शिस्त विज्ञानकथेइतकीच कडक असते, फक्त नियम लेखकानं बांधलेले असतात. फारा मेंडलसन यांनी २००८ मध्ये फँटसीचे प्रकार मांडताना एक फार उपयोगी प्रश्न दिला: अद्भुत आणि वाचक यांची गाठ कशी पडते? पात्र दारातून पलीकडे जातं का? पांडवलेण्यांत चोविसांच्या पुढे पंचविसावं लेणं सापडलं आणि नायिका आत गेली, तर ती दारापलीकडची कथा. अद्भुतच आपल्या जगात घुसतं का? तुमचा पूर तसा घुसतो, म्हणून ही घुसखोरीची फँटसी होऊ शकते. की सगळी कथा त्याच जगात घडते, जिथे नद्या बोलतात आणि त्याचं कुणाला नवल नाही? तिसऱ्या प्रकारात नाशिकचं नावसुद्धा न आलेलं बरं. खरं गाव आलं की वाचक खऱ्या गावाचे नियम मनात धरतो.

मराठीत इथे एक अडचण येते, तिची चर्चा पुरेशी होत नाही. आपल्याकडे नदीला गंगा म्हणून हात जोडणारं, नवस फेडणारं, अंगात आलेल्याला प्रश्न विचारणारं माणूस अद्भुतकथेतलं पात्र नसतं. ते रोजचं माणूस आहे. आजीनं ‘गंगा माणूस परत आणून सोडते’ म्हटलं म्हणून कथा फँटसी होत नाही. तो तिच्या श्रद्धेचा उद्गार आहे आणि वास्तववादी कथेतही तो जसाच्या तसा बसतो. पाहायचं एवढंच, की निवेदक आजीच्या बाजूनं उभा आहे का. निवेदकानंही ते सहज मान्य केलं, मामा ओल्या धोतरानं घरी आला, आजीनं त्याला टॉवेल दिला, चहा टाकला आणि कुणी ‘हे कसं शक्य आहे’ असं विचारलंच नाही, तर ती जादुई वास्तववादाची कथा. जबाब कुणी मागत नाही, म्हणून कुणी देतही नाही. अशी कथा लिहिताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे मध्येच एखाद्या पात्राला दचकवणं. एक ‘बाप रे!’ आला की सगळा डोलारा खाली येतो, कारण दचकणं म्हणजेच जबाब मागणं. तुमच्या कथेत नायिका पहिल्याच पानावर दचकते. तेव्हा हा प्रकार तुमच्यासाठी बाद.

देव, राक्षस, ऋषी कथेत असतील तर आणखी एक भेद करावा लागतो. पंचवटीत शूर्पणखेच्या बाजूनं प्रसंग सांगितला तर ते मिथकाचं पुनर्कथन, त्याला फँटसी म्हणून पाठवू नका. संपादक आणि वाचक दोघंही त्याकडे वेगळ्या तयारीनं पाहतात, आणि मूळ कथा सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिथे विस्मय घटनेत नसतो, तो दृष्टिकोनात असतो.

उरली गूढकथा आणि भयकथा. मराठीत या दोन्ही एकाच टोपलीत टाकायची सवय आहे, दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकांतही. फरक मात्र स्पष्ट आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये फ्रेंचमध्ये मांडलं, की वाचक जोवर ‘याला साधं कारण आहे की हे खरंच अलौकिक आहे?’ या दोलायमान अवस्थेत आहे, तोवरच ती खास अवस्था टिकते. एका बाजूला कौल लागला की कथा दुसऱ्या प्रकारात जाते. आपली चांगली गूढकथा नेमकी या दोलनावर जगते. कारण मिळालं की ती रहस्यकथा किंवा विज्ञानकथा, अलौकिक सिद्ध झालं की भयकथा किंवा अद्भुतकथा. चकवा लागून रात्रभर त्याच बांधावर फिरणारा माणूस सकाळी घरी पोहोचतो आणि चपलेला लागलेली माती भलत्याच गावची असते. इथे कथा थांबवली तर गूढकथा. चकव्याला चेहरा दिला, तो मागे लागला, की भयकथा.

भय आहे की नवल, हे ठरवायला आपल्याकडे हाताशी फार जुनं साधन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसामागे स्थायिभाव सांगितला आहे: अद्भुतामागे विस्मय, भयानकामागे भय, बीभत्सामागे जुगुप्सा, करुणामागे शोक. कथेचं शेवटचं पान वाचून झाल्यावर कोणता भाव शिल्लक राहतो ते पाहा. मधल्या पानांवर काहीही असो, शिल्लक राहिलेला भावच वाचक लक्षात ठेवतो आणि त्याच नावानं दुसऱ्याला कथा सांगतो. हे एकट्यानं ठरवू नका. तिघांना कथा द्या, दोन दिवसांनी ‘कशाबद्दल होती?’ एवढंच विचारा आणि ते कोणत्या शब्दानं सुरुवात करतात ते टिपून घ्या. ‘ती पाण्यात मामा दिसतो ती’ म्हणाले तर करुण आणि विस्मय. ‘तो प्रयोग फसतो ती’ म्हणाले तर विज्ञान. तुमच्या तीन वाचकांनी प्रकाराचं नाव सांगितलं, पण आठवण सांगितली नाही. त्यांना पुन्हा विचारा.

पर्यायी इतिहासाबद्दल थोडं, कारण मामा भूतकाळातून येतो म्हणून कुणी तरी तेही नाव सुचवेल. पर्यायी इतिहासाला फाटा लागतो: इतिहासातला एक ठरावीक क्षण, जिथून घटना वेगळ्या वाटेनं गेल्या. मराठीतलं सर्वांना ठाऊक उदाहरण जयंत नारळीकरांच्या पानिपतावरच्या कथेचं. तिथे १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात. शिवाय नायक त्या जगात जाऊन परत येतो आणि त्याचं स्पष्टीकरण भौतिकशास्त्राच्या आधारे दिलं जातं, म्हणून ती पर्यायी इतिहासही आहे आणि समांतर विश्वांची विज्ञानकथाही. नाशिकमध्ये असा फाटा शोधायचा तर २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आहे: विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या चुकल्या असत्या तर? पण तुमच्या कथेत इतिहास बदलत नाही, एक माणूस फक्त जागा बदलतो. म्हणून हे नाव नको.

स्टीमपंक, सायबरपंक, सोलरपंक ही नावं मोहक आहेत. स्टीमपंक हा शब्द के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये सुचवला आणि तो वाफेच्या यंत्रांच्या काळातच तंत्रज्ञान कल्पनेनं फार पुढे गेलं, अशा कथांसाठी आहे. पितळी चाकं आणि गॉगल असले म्हणून कथा स्टीमपंक होत नाही. सायबरपंकला संगणकजाळ्यांसोबत समाजाच्या तळाचं जगणं हवं, सोलरपंकला सावरलेल्या निसर्गासह जगण्याची आशा हवी. तुमच्या कथेला यांतलं काही लागू नाही.

आता निकाल. आज जशी आहे तशी तुमची कथा गूढकथा आहे, तिला विज्ञानकथेची शेपटी आहे. पहिल्या पानापासून जवळजवळ शेवटपर्यंत तुम्ही दोलन चालवता, ते चांगलं चालवता, आणि शेवटच्या दोन पानांत कौल देऊन टाकता. अडचण कौल देण्यात नाही. तो ज्याच्याकडून येतो ती प्रयोगशाळा त्याआधी कथेत कुठेच नाही. वाचकाशी केलेला करार शेवटी बदलतो आणि म्हणूनच तिघांनी तीन नावं दिली.

खात्री करायला रंगीत पेन्सिली घ्या. छापील प्रतीवर, जिथे जिथे कथा तर्कानं बोलते तिथे निळी रेघ, अलौकिकाकडे बोट दाखवते तिथे लाल, कुणीच काही विचारत नाही तिथे हिरवी. अठरा-वीस पानांत तुम्हाला निळं फक्त शेवटी दिसेल. दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत आणि एकच निवडायचा.

पहिला, ती विज्ञानकथा करा. पहिल्या ९०० शब्दांच्या आत ब्रह्मगिरीवरचं काम उल्लेखानं यायला हवं: त्र्यंबकच्या रस्त्यावर रात्री जाणाऱ्या बंद गाड्या, कक्षातल्या घड्याळांत पडणारा काही सेकंदांचा फरक. मध्यावर, म्हणजे ४,५०० शब्दांच्या आसपास, नायिकेनं दोन गोष्टी जोडून एक चुकीचा अंदाज बांधावा. खरा उलगडा ७,००० शब्दांच्या पुढे नेऊ नका, म्हणजे उलगड्यानंतर तिला निर्णय घ्यायला जागा राहील. उलगडा हाच शेवट असला की विज्ञानकथा खुलासा देऊन संपते, आणि खुलासा ही कथा नव्हे.

दुसरा, शेवटची दोन पानं काढून टाका. भोंगा वाजतो, पाणी ओसरतं, पहाटे दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर ओल्या गाळाची रेघ आणि पडद्यावर रात्रभराची पातळी जशीच्या तशी. इथे थांबा. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण तुमची आजी आणि तुमचा घाट यांत जेवढा जीव आहे तेवढा प्रयोगशाळेत नाही.

प्रकार ठरल्यावर नाव लिहिताना एक नाम आणि फार तर एक विशेषण ठेवा: ‘गूढकथा’, किंवा ‘काळप्रवासाची विज्ञानकथा’. ‘विज्ञान-गूढ-भय-कौटुंबिक’ असं लिहिलं की संपादकाला कळतं, लेखकाचंच ठरलेलं नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी पहिलाच मार्ग घ्यावा लागेल, दोलनावर संपणारी कथा तिथे पाठवू नका. दिवाळी अंकांसाठी दुसरा मार्ग चालेल, पण पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक चाळा. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय गावातच आहे, तिथे एक दुपार बसा आणि त्या अंकात ‘गूढकथा’ या नावाखाली प्रत्यक्षात काय छापतात ते पाहा. ई-पुस्तक काढणार असाल तर विक्रीच्या मंचावर एकाहून अधिक वर्ग निवडता येतात. तिथे मुख्य प्रकार पहिला आणि शेजारचा दुसरा द्या, तिसरा ओढूनताणून भरू नका. चुकीच्या वर्गातून आलेला वाचक ‘यात भूतच नाही’ म्हणून नाराज होतो आणि तसा अभिप्राय कायम राहतो.

‘विज्ञानकथा म्हटलं तर गंभीर समजतील का, गूढकथा म्हटलं तर हलकं समजतील का’ असंही तुम्ही विचारलं आहे. या भीतीपोटी नाव बदलू नका. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष विज्ञानकथा लिहिणारे नारळीकर होते. संपादकाला पाठवायच्या पत्रात प्रकार, शब्दसंख्या आणि अशक्य गोष्टीचं ते एक वाक्य एवढंच लिहा: ‘गूढकथा, ८,२०० शब्द. मे महिन्यात, धरण बंद असताना, गोदावरीला पूर येतो आणि त्यात पूररक्षक मुलीला तिचा वाहून गेलेला मामा दिसतो.’